अँजिओग्राफीची सीडी कुणाची?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर मोफत हृदयरोग तपासणी शिबिराची बातमी फोटोसह आली. फीत, नारळ, पांढरे कोट, रांगेत बसलेली म्हातारी माणसं. शेवटचं वाक्य असं होतं : ‘निवड झालेल्या रुग्णांवर पुढील उपचार मोफत करण्यात येणार आहेत.’ त्यातला ‘निवड’ हा शब्द मी दोनदा वाचला. आमच्या दाजींचीही अशीच निवड झाली होती आणि त्या शिबिराची बातमीसुद्धा आपल्याच दैनिकात आली होती. कात्रण ताईनं जपून ठेवलंय. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे, गांधी टोपीतले, ते आमचे दाजी.

आधी मी कोण ते सांगते. २८ वर्षं मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा ग्राहक मंचात लघुलेखक होते. आता त्याला आयोग म्हणतात. पाटी बदलली, खुर्च्या त्याच आहेत. १९९१ साली लागले तेव्हा बियाणं उगवलं नाही, स्कूटर महिन्यात बंद पडली, विमा कंपनीनं दावा नाकारला अशा तक्रारी असायच्या. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्ही. पी. शांता प्रकरणात निकाल दिला की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवाही ग्राहक कायद्यात येते. त्यानंतर आमच्या टेबलावर दवाखान्यांच्या फायली येऊ लागल्या. राहिलेली कात्री, चुकीचं इंजेक्शन, बाळंतपणातला उशीर. हृदयाची प्रकरणं पुढं आली, आणि आली ती वेगळीच. या फायलींत माणूस बहुतेक वेळा जिवंत असायचा, चालत यायचा, स्वतः खुर्चीवर बसायचा. त्याचं म्हणणं एवढंच असायचं की मला जे केलं त्याची गरजच नव्हती.

आता हे सिद्ध कसं करायचं? पाय चुकीचा कापला तर दिसतो. गरज नसताना टाकलेला स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी, छातीच्या आत असतो आणि कागद म्हणतो, ‘९० टक्के ब्लॉक होता, काढला.’ काढल्यावर ब्लॉक नाहीच, मग होता की नव्हता हे कोण सांगणार?

सांगते एकच वस्तू. अँजिओग्राफी करताना नसांत औषध सोडून जी हलती चित्रं घेतात, त्यांची सीडी. रिपोर्ट म्हणजे ती चित्रं बघून डॉक्टरांनी लिहिलेलं मत. सीडी म्हणजे खुद्द नस.

२००८ च्या आसपासची एक फाईल माझ्या डोक्यातून जात नाही. तक्रारदार निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, दोन स्टेंट टाकलेले. दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना तोंडी सांगितलं होतं की गरज नव्हती. गुरुजींनी स्वच्छ अक्षरात अकरा पानी तक्रार लिहिली होती, शुद्धलेखनाची एक चूक नाही. सामनेवाल्यांच्या वकिलांनी उलटतपासाच्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न घातला : अँजिओग्राफीची सीडी दाखल केली आहे काय? नव्हती. मधल्या सुट्टीत गुरुजी माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, ही सीडी म्हणजे नेमकं काय हो? मला कुणी असं काही दिलंच नाही.” निकालाचा मजकूर मीच टाईप केला : ‘तक्रारदाराने आपल्या कथनापुष्ट्यर्थ कोणताही तज्ज्ञ पुरावा दाखल केलेला नाही. सबब तक्रार नामंजूर करण्यात येते. खर्चाबाबत आदेश नाही.’ तीन प्रती काढल्या. एक त्यांच्या हातात दिली. त्यांनी मला नमस्कार केला.

त्या गुरुजींना मी तेव्हा काही सांगू शकले नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं. आता आहे. पण ते घरातल्या माणसाच्या जिवावर बेतून ठाऊक झालं.

दाजी एकसष्ट वर्षांचे. दुष्काळी पट्ट्यातलं गाव, दीड एकर कांदा, थोडा बटाटा, दोन म्हशी. पाठीवर पंप घेऊन फवारणी केली की डावा खांदा दुखायचा. जानेवारी २०२३ मध्ये गावच्या मारुतीच्या सभामंडपात शिबिर झालं. तिथं त्यांनी खांद्याचं सांगितलं, आणि ‘डावा’ एवढा एक शब्द पुरला. ईसीजीची पट्टी काढली. “पट्टीत फरक दिसतोय, मोठ्या तपासणीला यावं लागेल. सगळं सरकारी योजनेत बसवू, तुम्हाला एक रुपया पडणार नाही.” दोन दिवसांनी पहाटे सहाला बस गावात हजर. तीन गावांतली मिळून अकरा माणसं. केशरी कार्ड, आधार, बोटाचे ठसे.

टू डी इको झाली. हृदयाचं पंपिंग ६० टक्के, म्हणजे उत्तम. ट्रेडमिलवर चालवून बघायची तपासणी झाली नाही. दुपारी दोनला दाजींना कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, नेलं. वीस मिनिटांनी दार किलकिलं करून एका मुलानं विचारलं, “पेशंटचे नातेवाईक कोण?” ताई आणि पुतण्या आत गेले. काचेपलीकडं दाजी आडवे, हिरव्या कापडाखाली. अलीकडं पडद्यावर थांबवून ठेवलेलं काळंपांढरं चित्र. डॉक्टरांनी पेनाचं टोक ठेवलं. “ही बघा मुख्य नस. नव्वद टक्के बंद. पेशंट टेबलावरच आहेत, आत्ताच करून टाकू. घरी न्यायचे असतील तर न्या, पण रस्त्यात काही झालं तर जबाबदारी तुमची.” ताई सांगते, “अगं, मला तर पावसात पत्र्यावरनं वघळ आल्यागत दिसलं. त्यात कुठली नस आन् कुठलं काय! पर ते म्हनले रस्त्यात, आन् माझं पायच गेलं.”

पुतण्यानं सही केली. मग दुसरा एक माणूस आला. योजनेतला स्टेंट साधा असतो, चांगला टाकायचा तर वरचे बावीस हजार. ते पैसे कुठून आले ते लिहीत नाही; म्हैस आता एकच आहे. पावती नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर उद्या आपल्याकडं डॉक्टरांची पत्रं येतील, आणि ती रास्तही असतील. माझ्या सख्ख्या भावाला २०१५ साली रात्री अडीचला हार्ट अ‍ॅटॅक आला. तासाभरात अँजिओप्लास्टी झाली म्हणून तो आज नातवंडं खेळवतोय. अ‍ॅटॅक चालू असताना बंद नस उघडणं म्हणजे जीव वाचवणं, त्यात वाद नाही. वाद आहे तो दाजींसारख्यांचा : चालत आलेले, छातीत कळ नाही, अ‍ॅटॅक नाही. अशा स्थिर रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडातल्या २२८७ जणांचा ‘करेज’ नावाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर २०२० मध्ये ५१७९ जणांचा ‘इस्केमिया’ अभ्यास, तोही अनेक देशांतला. दोन्हींत निघालं ते असं की नीट औषधोपचार चालू असेल, तर आधी स्टेंट टाकल्यानं मृत्यूचं प्रमाण कमी होत नाही. छातीतली कळ काहींची कमी होते, हा फायदा खरा. दाजींना कळ नव्हतीच. मी डॉक्टर नाही. पण ‘करेज’चा शोधनिबंध आमच्याकडच्या एका फाईलला जोडलेला होता आणि त्यातला उतारा मी निकालात टंकलिखित केला होता. त्या दिवसापासून तो माझ्या लक्षात आहे.

स्टेंट बसला की रक्त पातळ ठेवायच्या दोन-दोन गोळ्या चालू होतात, मध्येच सोडता येत नाहीत. दाजींच्या पोटात जुना अल्सर. अंगदुखीच्या गोळ्या खाऊन खाऊन झालेला. तो कुणी विचारला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ते बांधावर चक्कर येऊन पडले. चार दिवस शौचाला काळं होत होतं, लाजेनं सांगितलं नव्हतं. हिमोग्लोबिन ५.८. सरकारी दवाखान्यात रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळली आणि विचारलं, “यांना स्टेंट कशासाठी टाकला?” ताई म्हणाली, “ब्लॉक होता.” बाई म्हणाल्या, “सीडी आणा बरं, बघू.”

गुरुजींचा प्रश्न पंधरा वर्षांनी माझ्या घरी आला होता.

फाईलमध्ये काय होतं सांगते. डिस्चार्ज कार्ड. एक पानी रिपोर्ट. त्यावर नसांचं छापील रेखाचित्र आणि पेनानं केलेली एक फुली. स्टेंटचं स्टिकर, त्यावर कंपनी आणि क्रमांक. दवाखान्याच्या वर्धापनदिनाचं पत्रक. सीडी नाही. पहिल्या खेपेला, रेकॉर्डवाले सुट्टीवर. दुसऱ्या खेपेला, सीडी कॉपी करायचं मशीन बिघडलंय. तिसऱ्या खेपेला काउंटरवरची मुलगी म्हणाली, “डिस्चार्जच्या वेळी दिली होती, तुमच्याकडूनच हरवली असेल.” प्रत्येक खेप म्हणजे दोन एसटी, एक दिवसाची मजुरी आणि ताईचे गुडघे.

मग मी बसले लिहायला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे : रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या नातेवाइकानं मागणी केली की ७२ तासांच्या आत कागदपत्रं द्यायची, आणि दाखल रुग्णाची नोंद तीन वर्षं जपायची. अर्ज दोन प्रतींत केला. काउंटरवर आवक शिक्का द्यायला तयार नव्हते, म्हणून तीच प्रत रजिस्टर पोचपावतीनं पाठवली. एक योजनेच्या जिल्हा कार्यालयाला. ७२ तास कधीच उलटले. स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र. मार्च २०२४ मध्ये पोस्टानं एक पाकीट आलं. आत सीडी, वर दाजींच्या नावात दोन चुका. सहा महिने लागले. मी २८ वर्षं अर्ज-विनंत्यांत काढलेली बाई, तेव्हा सहा महिने. ताई एकटी असती तर तिसऱ्या खेपेलाच संपलं असतं.

पुण्यात एका ओळखीच्या वकिलांमार्फत हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. त्यांनी सीडी संगणकात घातली, पुढं-मागं करून चारेक मिनिटं बघितली आणि विचारलं, “कोणत्या नसेत टाकलाय म्हणालात?” रिपोर्ट दाखवला. परत मागं घेतलं, थांबवलं. “इथं तीस टक्के आहे. ओढूनताणून पस्तीस म्हणा. गोळ्यांवर भागलं असतं.” मी म्हटलं, “डॉक्टर, एवढं लिहून द्याल का?” त्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, “ताई, तुम्हाला खोटं सांगितलं नाही. पण मला याच शहरात राहायचंय.” फी घेतली नाही, हेही नमूद करते. दुसऱ्या डॉक्टरांनी प्रकरण काय आहे ते ऐकलं आणि सीडी हातात घेतलीच नाही. तिसऱ्यांनी ‘मेल करा’ म्हटलं. मेल त्यांनी अजून वाचायचा आहे.

टक्क्यांचा मुद्दा मला नीट समजून घ्यायचा होता, कारण दवाखान्याच्या लेखी जबाबात तोच पहिल्या पानावर येणार हे अनुभवानं माहीत होतं. ब्लॉक किती टक्के हे डॉक्टर बहुधा नजरेनंच ठरवतात. दोन प्रामाणिक डॉक्टर एकाच नसेकडं बघून एक साठ म्हणेल, एक सत्तर, आणि सत्तरच्या आसपासच निर्णय फिरतो. शंका असेल तर नसेत बारीक तार सरकवून ब्लॉकच्या अलीकडचा आणि पलीकडचा रक्तदाब मोजता येतो, आकडा ०.८० च्या वर आला तर सहसा स्टेंट लागत नाही. त्या तारेला पैसे पडतात, वेळ लागतो. साठ-सत्तरमधला फरक मी मान्य करते, कुठल्याही डॉक्टरला त्यासाठी आयोगात ओढू नये असंच म्हणते. तीस आणि नव्वदमधला फरक नजरेचा कसा असेल?

अखेर लिहून दिलं ते एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या प्राध्यापकांनी. वय अठ्ठ्याहत्तर. दीड पान, स्वतःच्या हातानं, खाली सही-शिक्का. म्हणाले, “आता मला कोण पेशंट पाठवणार आणि कोण थांबवणार!” ग्राहक कायद्यात तक्रारीची मुदत दोन वर्षं. आम्ही डिसेंबर २०२४ मध्ये दाखल केली, महिनाभर हातात होता. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, हा एक दिलासा.

जबाबात काय आलं ते सांगण्याजोगं आहे. पहिला मुद्दा, रुग्णानं एक रुपया दिलेला नाही, उपचार सरकारी योजनेत झाले, म्हणून तो ग्राहकच नाही. बावीस हजारांची पावती नसल्यामुळं हा मुद्दा त्यांना शोभतो! पण शांता निकालातच आहे की खर्च विमा कंपनीनं किंवा मालकानं सोसला तरी ती सेवा फुकट ठरत नाही. तोच न्याय योजनेला लागावा, असा आमचा युक्तिवाद. आयोग काय ते ठरवेल, मी त्यावर जास्त लिहीत नाही.

दुसरा मुद्दा संमतीचा. फॉर्म इंग्रजीत, छापील, आणि त्यात अँजिओग्राफी ‘आणि किंवा’ अँजिओप्लास्टी असं एकाच ओळीत. सही सकाळी दहाला घेतलेली, म्हणजे ब्लॉक आहे की नाही हे कुणालाच माहीत नसताना. दुपारची पुतण्याची सही वेगळीच. दाजी शुद्धीत होते, मनगटातून तार घातलेली, बोलत होते. पण त्यांना कुणी काही विचारलं नाही. इथं मला समीरा कोहली प्रकरण आठवतं, जानेवारी २००८ चा निकाल. दिल्लीतल्या एका बाईंना तपासणीसाठी भूल दिली, बाहेर आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निदानासाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही. जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. न्यायालयानं डॉक्टरांची फी बुडवली आणि पंचवीस हजार रुपये भरपाई दिली. रक्कम वाचून मी तेव्हा दोनदा खात्री केली होती, एखादं शून्य राहिलं की काय. तरी तत्त्व फार मोलाचं आहे. आता सामनेवाल्यांचे वकील त्याच निकालाचा दुसरा भाग वाचतात : तपासणी आणि उपचार दोन्हींची संमती आधी एकत्र घेता येते. येते ना. पण ती माहिती देऊन घ्यायची असते. ‘आणि किंवा’ या दोन शब्दांत कोणती माहिती आली?

तज्ज्ञांच्या मताबद्दलही कायदा तक्रारदाराच्या वाटेत उभा नाही. २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलंय की प्रत्येक वैद्यकीय तक्रारीत तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही. पण स्टेंटच्या प्रकरणात तज्ज्ञाशिवाय भागतच नाही. आयोगाच्या सदस्यांनी सीडी लावली तरी त्यांनाही ताईसारखा वघळच दिसणार. मग प्रकरण जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीकडं जातं. तिथून येणारं उत्तर मी इतक्या वेळा फाईलला लावलंय की पाठ आहे : ‘उपलब्ध कागदपत्रांवरून उपचारात निष्काळजीपणा आढळून येत नाही.’ उपलब्ध कागदपत्रं. म्हणजे दवाखान्यानं जी उपलब्ध ठेवली ती. मी सेवेत असेपर्यंत समितीनं सीडी मागवल्याचं पत्र माझ्या टेबलावरून एकदाही गेलं नाही.

आमची तक्रार टाईप होत होती त्याच दिवसांत गुजरातची बातमी आली. अहमदाबादच्या ख्याती रुग्णालयानं १० नोव्हेंबर २०२४ रोजी मेहसाणा जिल्ह्यात कडी तालुक्यातल्या बोरीसणा गावी मोफत शिबिर घेतलं. गावातून १९ जणांना अहमदाबादला आणलं. १७ जणांची अँजिओग्राफी, त्यातल्या ७ जणांना अँजिओप्लास्टी. दोघे दगावले. आयुष्मान योजनेतून पैसे उकळण्यासाठी गरज नसताना हे केलं आणि कागदावर ब्लॉक वाढवून दाखवले, असा आरोप ठेवून गुन्हे दाखल झाले. फिर्याद खुद्द सरकारी आरोग्य अधिकाऱ्याची. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. मला थरकाप झाला तो बसचा उल्लेख वाचून. ताईनं फोन केला. “ती बी बसनंच गेली का गं?” एवढंच म्हणाली.

तिथं दोन माणसं गेली म्हणून राज्यभर चौकशी झाली. दाजी जगले, म्हणून आमचा प्रश्न एका फाईलपुरता. तक्रार करणाऱ्यानं आधी मरावं लागतं की काय, असा कडवट विचार येतो. लिहिला तसा राहू द्या, कापू नका.

हे आपल्याकडंच होतं असंही नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या टाऊसन गावी सेंट जोसेफ नावाच्या दवाखान्यात २००९ मध्ये एका नामांकित डॉक्टरनं टाकलेल्या स्टेंटबद्दल तक्रार आली. दवाखान्यानं जुन्या अँजिओग्राफीच्या चित्रफिती पुन्हा तपासून घेतल्या आणि ५८५ रुग्णांना पत्रं धाडली की तुम्हाला टाकलेला स्टेंट कदाचित गरजेचा नव्हता. डॉक्टरचा परवाना २०११ मध्ये रद्द झाला. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या रेडिंग शहरात अनावश्यक बायपास आणि हृदयाच्या तपासण्यांचं प्रकरण उघडकीला आलं ते एका पाद्र्यामुळं. तातडीनं बायपास करा असं सांगितल्यावर तो दुसऱ्या गावी जाऊन दुसऱ्या डॉक्टरांना भेटला आणि तिथं कळलं की काहीच झालेलं नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये तिथं एफबीआयनं छापा घातला. दवाखान्याच्या मालक कंपनीनं साडेसातशेहून जास्त रुग्णांना मिळून ३९.५ कोटी डॉलर मोजले. तिथंही कुणी डॉक्टर तुरुंगात गेला नाही, हे खरं. पण त्या दोन्ही ठिकाणी चित्रं जागेवर होती आणि ती बघून लेखी मत देणारं बाहेरचं कुणीतरी होतं. आमच्या गुरुजींकडं दोन्ही नव्हतं. दाजींकडं एक सहा महिन्यांनी आलं, दुसरं नशिबानं.

स्टेंटच्या किमतीचं बघा. पूर्वी फायलींतल्या बिलांवर औषधी (औषधाचा लेप असलेल्या) स्टेंटचे एकेका नगाला सव्वा लाख लावलेले असत. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं किंमत बांधली. औषधी स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६०. बिलात स्टेंटचा तपशील वेगळा दाखवायचा, असंही बंधन घातलं. म्हणजे स्टेंटच्या डबीवर काय छापलंय ते रुग्णाला द्यायची सक्ती करता आली. मग ती डबी ज्या नसेसाठी उघडली, त्या नसेचं चित्र द्यायची सक्ती का करता येऊ नये? अ‍ॅटॅक नसलेल्या रुग्णाची सीडी डिस्चार्जच्या दिवशी त्याच्या हातात, पोच घेऊन, आणि त्याशिवाय योजनेचं बिल मंजूर नाही, एवढा आदेश राज्याच्या आरोग्य खात्याला काढता येईल. कारण एकदा सीडी बाहेर गेली की रिपोर्टवर तीसचे नव्वद लिहिताना पेन जरा अडखळेल. आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांवर आयोगानं पाठवलेली सीडी बघून ठराविक दिवसांत लेखी मत देण्याची जबाबदारी टाकता येईल. मतावर नाव नसलं तरी चालेल, नसेचं नाव आणि आकडा हवा. ओळखीच्या वकिलांनी ओळखीच्या डॉक्टरांना चहाला भेटून हे काम होत नाही, हे मी करून बघितलंय.

एकाच बैठकीत तपासणी आणि स्टेंट दोन्ही उरकण्याबद्दल डॉक्टर सांगतात की पुन्हा मनगट टोचावं लागतं, लांबच्या गावाहून दुसरी खेप पडते, खर्च वाढतो. ताईसारखीला ते पटतंही. मी तिला विचारलं, “तुला तेव्हा घरी जाऊन विचार करायला चार दिवस दिले असते तर?” ती म्हणाली, “चार कशाला, एक रात जरी दिली असती तरी मी तुला फोन केला असता की.”

संपादक महोदय, शिबिरांच्या बातम्या छापू नका असं म्हणणार नाही. आमच्या गावातली मोतीबिंदूची शिबिरं चांगली झाली, म्हाताऱ्यांना दिसायला लागलं. फक्त पुढच्या वेळी बातमीदाराला एक प्रश्न जास्त विचारायला सांगा : निवड झालेल्यांतले किती जण काहीही न करता, नुसत्या गोळ्या घेऊन परत आले? दाजींच्या बसमधले अकराच्या अकरा काही ना काही करून आले होते. त्यातल्या सात जणांच्या घरी मी स्वतः जाऊन विचारलं. सीडी एकाकडंही नव्हती. दोघांना स्टेंट म्हणजे गोळीचं नाव वाटत होतं.

आमच्या प्रकरणात लेखी युक्तिवाद दाखल झालाय. समितीकडून उत्तर यायचंय. दाजी हल्ली फवारणीला जात नाहीत, खांदा अजून दुखतो. सीडी ताईनं सातबारा आणि सोसायटीच्या पासबुकाच्या पिशवीत ठेवलीय.

प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यानं माझं, गावाचं आणि दवाखान्याचं नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. मूळ पत्ता आणि दूरध्वनी सोबतच्या चिठ्ठीवर दिला आहे. ज्या वाचकांना दवाखान्याकडं सीडी मागण्याचा अर्ज कसा लिहावा हे हवं असेल, त्यांना माझ्या अर्जाची प्रत आपल्या कार्यालयातून मिळावी म्हणून दहा झेरॉक्स जोडल्या आहेत. संपल्या तर कळवा, आणखी पाठवते.

आपली नम्र,
एक निवृत्त लघुलेखक